न्या. रानडे हायकोर्टात इतक्या उशिरा का पोहोचले?

शाहूपुरीची_लेक:
लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वक्तृत्व स्पर्धेला न्यायमूर्ती रानडे घेतलेत. 1871 ला पुण्यात प्रथम वर्ग सबजज्ज (खालच्या दिवाणी कोर्टाचा जज्ज) झालेला माणूस हायकोर्टात जातो 1893 ला. त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1889 लाच जज्ज! हे कसं?

निवृत्त_शिरस्तेदार:
बाळ, तेलंग वकिलीतून थेट गेले, रानडे नोकरीतले. नोकरदारावर सरकारचा डोळा. 1879 ला वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं आणि रानड्यांची बदली धुळ्याला. तिथं त्यांची पत्रं फोडून वाचली जात. हायकोर्टातली जागा मिळाली तीसुद्धा तेलंग अकाली गेल्यावर, त्यांचीच.

पण ती 22 वर्षं वाया गेली असं बोलू नको. माझी सगळी नोकरी खालच्या कोर्टांत झाली, म्हणून सांगतो. पूर्वी सावकारानं खत, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, पुढं टाकलं की वसुलीचा हुकूमनामा ठरलेला. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्यानं जज्जाला खताच्या मागं जायची मुभा दिली. मुळात पैसे किती दिले, व्याज मुद्दलात कितीदा घातलं, कुळानं, म्हणजे कर्जदारानं, किती फेडलं, हे पहिल्यापासून मांडायचं. उरलं ते हप्त्यानं. 1887 पासून रानडे या कायद्याचे विशेष न्यायाधीश. पुणे, नगर, सातारा, सोलापूरकडची कोर्टं तपासायची. तपासणीला येणारे साहेब आमच्याकडं निकालपत्राआधी रोजनामा, म्हणजे खटल्यात तारखेतारखेला काय झालं त्याची नोंद, मागायचे. तारीख कुणी आणि कशाला वाढवली ते तिथं उघडं पडतं. असलं काम वर्षानुवर्षं केलेला माणूस हायकोर्टात बसला, तर अपिलातला शेतकरी त्याला नुसता कागद वाटत नाही.

आणि रानड्यांची शाळा आपल्या कोल्हापुरातली बरं का. वडील इथंच नोकरीला होते.

वकील_कसबा_बावडा:
दोन्ही वाटा आजही आहेत, राज्यघटनेचं कलम 217 बघ. दहा वर्षं हायकोर्टात वकिली, नाहीतर दहा वर्षं न्यायिक पद. निवृत्ती 62 ला. खालून येणाऱ्याची बरीच वर्षं जिल्ह्यातच जातात, वर कमी मिळतात. मला हे पटत नाही.

शाहूपुरीची_लेक:
काका, मग सुरुवात शेतकरी कायद्यापासूनच करते. तेलंग नंतर. चालेल?

निवृत्त_शिरस्तेदार:
चालेल की! फक्त कलमं वाचून दाखवू नको. शंभर रुपयांचं एक खत घे आणि व्याज चढत कसं जातं ते फळ्यावर मांड.