ग्राहकाचे पैसे कापले जातात, पण साइटवर ऑर्डर ‘पेंडिंग’च राहते

नौपाडा_वेब (प्रश्न)

ठाण्यातल्या एका घरगुती फराळवाल्यांची साइट केली आहे. लाराव्हेल (पीएचपीची तयार चौकट), शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट). आतापर्यंत सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं: यादी पाठवायची, ग्राहकाने क्यूआर स्कॅन करून स्क्रीनशॉट टाकायचा आणि रात्री बसून ते स्क्रीनशॉट बँकेच्या एसएमएसशी ताडून बघायचे. दिवाळीच्या ऑर्डरी आता साइटवरच घ्यायच्या आहेत.

सध्याची रचना अशी. ग्राहक ‘पैसे भरा’ दाबतो, पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीची) खिडकी उघडते, पैसे गेले की ती खिडकी माझ्या जावास्क्रिप्ट फंक्शनला पेमेंट आयडी देते. तिथून अजॅक्सने (पान न बदलता, मागच्या मागे) मी सर्व्हरला सांगतो, ही ऑर्डर ‘पेड’ कर. टेस्ट मोडमध्ये एकदाही चुकलं नाही. लाइव्ह गेल्यावर दहा-बारा ऑर्डरींमागे एखादी पेंडिंग राहते, आणि गेटवेच्या डॅशबोर्डवर तेच पेमेंट ‘कॅप्चर्ड’ (पक्कं झालेलं) दिसतं. अशा जवळजवळ सगळ्या ऑर्डरी मोबाइलवरून यूपीआयने केलेल्या आहेत. वेबहूकही (गेटवेने माझ्या सर्व्हरला थेट पाठवायचा निरोप) लावला, पण तो डॅशबोर्डवर ‘फेल्ड’ दाखवतो. बघायचं कुठे?

घणसोली_बॅकएंड

गेटवेचं नाव लिहिलेलं नाही, म्हणून रेझरपे धरून सांगतो. दुसऱ्या कोणाचं असेल तर नावं बदलतील, चाल तीच.

तुमच्या रचनेत पैसे आल्याची बातमी ग्राहकाच्या ब्राउझरने आणायची आहे. तिथेच सगळं अडतं. मोबाइलवर यूपीआय निवडलं की ग्राहक ब्राउझर सोडून यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो, पिन टाकतो, हिरवी टिकली बघतो आणि फोन खिशात ठेवतो. तो ब्राउझरमध्ये परत आलाच नाही, किंवा मेमरी कमी म्हणून अँड्रॉइडने मागचा टॅब मारून टाकला, तर तुमचं फंक्शन चालतच नाही. पैसे मात्र गेलेले असतात. कार्डाच्या वेळी ओटीपीचं पान बहुधा त्याच ब्राउझरमध्ये असतं, म्हणून तिकडे हा त्रास कमी दिसतो. टेस्ट मोडमध्ये खरं यूपीआय अ‍ॅप उघडतच नाही, त्यामुळे तिथे हे कधी सापडणार नाही.

म्हणून ऑर्डर ‘पेड’ करण्याचा अधिकार ब्राउझरकडून काढून घ्या. क्रम असा ठेवा. आधी सर्व्हरवर स्वतःच्या टेबलात ऑर्डर लिहा. मग सर्व्हरवरूनच गेटवेकडे ऑर्डर तयार करा. रक्कम स्वतःच्या डेटाबेसमधल्या दरांवरून काढा, ब्राउझरने पाठवलेली कधीच घेऊ नका, कारण ती कोणीही बदलू शकतो. रक्कम पैशांत जाते: अर्धा किलो चकली ३४० आणि डिलिव्हरी ६०, म्हणजे ४०० रुपये, तर ४०००० पाठवायचे. नुसते ४०० पाठवले तर ग्राहकाला ४ रुपयांचं बिल दिसतं आणि तो आनंदाने भरतो. शंभराने गुणतानाही जपा. जावास्क्रिप्टमध्ये १९.९९ गुणिले १०० केलं की १९९८.९९९९९९९९९९९९८ येतं, नुसता पूर्णांक कापलात तर एक पैसा गळतो. दर डेटाबेसमध्येच पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवले की हा प्रश्न उरत नाही.

गेटवेने दिलेला ऑर्डर आयडी आपल्या ऑर्डरीच्या ओळीत साठवा, ‘रिसीट’ या रकान्यात आपला ऑर्डर क्रमांक पाठवा, आणि मगच खिडकी उघडा. खिडकी परत येताना पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी आणि सिग्नेचर अशा तीन गोष्टी देते. सिग्नेचर सर्व्हरवर तपासायची: ऑर्डर आयडी, मध्ये उभी रेघ, मग पेमेंट आयडी, या ओळीचा सीक्रेट की वापरून काढलेला एचमॅक शा-२५६ (सीक्रेटशिवाय काढता न येणारी खूण). इथे एक खाच बहुतेक जण विसरतात. ऑर्डर आयडी ब्राउझरकडून आलेला घेऊ नका, स्वतःच्या टेबलातला घ्या. नाहीतर एखाद्याने पन्नास रुपयांच्या ऑर्डरीची अस्सल सिग्नेचर आणून पाच हजारांच्या ऑर्डरीवर लावली तरी तपासणी पास होते.

ही तपासणी पास झाली की ग्राहकाला ‘धन्यवाद’चं पान लगेच दाखवता येतं, म्हणून ती ठेवाच. पण भिस्त वेबहूकवर ठेवा. तो गेटवेच्या सर्व्हरवरून थेट तुमच्या सर्व्हरवर येतो, ग्राहकाचा फोन बंद पडला तरी.

ऐरोली_पीएचपी

वेबहूक ‘फेल्ड’ का होतोय ते डॅशबोर्डवरच्या त्या नोंदीत रिस्पॉन्स कोड (तुमच्या सर्व्हरने दिलेल्या उत्तराचा आकडा) बघितला की कळेल. लाराव्हेल म्हटल्यावर माझा पहिला संशय ४१९ वर. वेब राउट्सच्या फाइलीत पोस्ट राउट लिहिला की त्याला सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आला याची खूण) लागतं, आणि गेटवे ते कुठून आणणार? तेवढा एक पत्ता सीएसआरएफच्या अपवादांत टाका. अख्ख्या साइटचं संरक्षण बंद करू नका.

कोड ३०१ असेल तर पत्ता चुकीचा दिलाय. डॅशबोर्डवर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय पत्ता आणि होस्टिंग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर वळवतंय, किंवा एचटीटीपी दिलाय आणि सर्व्हर एचटीटीपीएसवर ढकलतोय. वळवलेल्या पोस्टमागे गेटवे जाईल असं धरून चालू नका. शेवटचा, नेमका पत्ताच भरा. ४०३ असेल तर होस्टिंगची फायरवॉल किंवा क्लाउडफ्लेअरची ‘तुम्ही माणूस आहात का’ तपासणी आडवी आली आहे. त्या एका पत्त्यापुरती ती उठवा.

कोड ४०० तुमच्याच कोडमधून जात असेल, म्हणजे सिग्नेचर जुळत नसेल, तर दोन कारणं नेहमीची. एक, वेबहूकचं सीक्रेट वेगळं असतं. ते डॅशबोर्डवर वेबहूक तयार करताना तुम्हीच ठरवता, एपीआयच्या सीक्रेट कीशी त्याचा संबंध नाही. शिवाय टेस्ट आणि लाइव्ह दोन्हींचे वेबहूक वेगळे. टेस्टमध्ये लावला म्हणून लाइव्हमध्ये आपोआप येत नाही. दुसरं, सिग्नेचर आलेल्या मजकुरावर जशीच्या तशी काढायची. जेसन (मजकूर ज्या साच्यात येतो तो) उलगडून पुन्हा गुंडाळलंत की एखादी स्पेस किंवा स्लॅश बदलते आणि एचमॅक संपूर्ण वेगळा येतो. रिक्वेस्टचा कच्चा मजकूर घ्या, त्यावर एचमॅक काढा, तुलना ‘हॅश ईक्वल्स’ने करा, आणि मगच जेसन उघडा.

अजून एक. वेबहूकच्या आतच ई-मेल, एसएमएस, बिलाची पीडीएफ हे सगळं करत बसलात तर शेअर्ड होस्टिंगवर सहज आठ-दहा सेकंद जातात. रेझरपे ५ सेकंद थांबतं, मग तो नापास धरून पुन्हा पाठवतं. २४ तास सतत नापास झाला तर वेबहूकच बंद होतो. घटना टेबलात लिहा, २०० (म्हणजे ‘मिळालं’) परत करा, बाकीचं काम क्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाका. क्यू चालवायला सोय नसेल तर दर मिनिटाचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पुरतो.

घणसोली_बॅकएंड

वरच्याला जोडून: एकच घटना दोनदा येऊ शकते, आणि घटना क्रमाने येतील याची हमी नसते. ‘कॅप्चर्ड’ आधी आणि ‘ऑथराइज्ड’ (मंजूर, पण अजून पक्कं नाही) नंतर आलं तर झालेली ऑर्डर मागे नेऊ नका. हेडरमध्ये इव्हेंट आयडी येतो, त्यावर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तोच आयडी टेबलात दुसऱ्यांदा लिहिला जाणार नाही. ऑर्डर बदलताना ‘स्थिती पेंडिंग असेल तरच पेड कर’ अशी एकच क्वेरी द्या आणि तिने खरोखर एक ओळ बदलली तरच एसएमएस पाठवा. ब्राउझरची बातमी आणि वेबहूक एकाच क्षणी पोचले तरी ग्राहकाला दोन मेसेज जाणार नाहीत, आणि अनारशांचा माल दोनदा वजा होणार नाही.

मालाचा विचार आत्ताच करा, दिवाळीच्या आठवड्यात नव्हे. पैसे भरायला पाठवताना माल १५ मिनिटं राखून ठेवा, मग सोडा. पण यूपीआयचं पेमेंट कधी कधी आधी ‘फेल्ड’ दिसतं आणि बँकेकडून उशिरा यशस्वी म्हणून येतं. तोवर माल दुसऱ्याला गेला असेल तर? त्यासाठी वेगळी स्थिती ठेवा: ‘पैसे आले, माल नाही’. तिथून रिफंड किंवा ग्राहकाला फोन, हे माणसाने ठरवावं. ‘फेल्ड’ला शेवटची स्थिती मानणारा कोड असं उशिरा आलेलं पेमेंट गिळून टाकतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

आणि वेबहूकवर भिस्त असली तरी त्याच्या मागे एक क्रॉन हवाच. दर दहा मिनिटांनी, १५ मिनिटांपेक्षा जुन्या पेंडिंग ऑर्डरी काढायच्या आणि गेटवेला विचारायचं, या ऑर्डर आयडीवर कोणतं पेमेंट झालंय? होस्टिंग अर्धा तास झोपलं तरी हिशेब सावरतो.

पाचपाखाडी_हिशेब

कोड सोडून हिशेबाची बाजू. गेटवे प्रत्येक ऑर्डरीचे पैसे वेगळे टाकत नाही. साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी अनेक पेमेंटची मिळून एकच रक्कम बँकेत येते, एका यूटीआर क्रमांकाने (बँकेच्या व्यवहार क्रमांकाने), फी वजा होऊन. बँकेच्या पासबुकावरून ऑर्डरी जुळवायला जाल तर कधीच जुळणार नाहीत. सेटलमेंट रिपोर्ट उतरवून घ्या, त्यात प्रत्येक पेमेंट आयडी, फी आणि कर असतो.

समजा कार्डावर २ टक्के फी ठरली आहे. १२०० रुपयांच्या ऑर्डरीवर २४ रुपये फी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४.३२, हातात ११७१.६८. वहीत विक्री १२००च लिहायची, ११७१.६८ नव्हे, फी हा खर्च. जीएसटी नोंदणी असेल तर त्या ४.३२चं इनपुट क्रेडिट बघता येतं. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२०पासून एमडीआर (व्यापाऱ्याकडून घेतली जाणारी व्यवहार फी) शून्य आहे, पण गेटवे स्वतःची प्लॅटफॉर्म फी लावू शकतो. करारातली ती ओळ वाचूनच मालाचे भाव ठरवा. रिफंड दिला की मूळ फी सहसा परत मिळत नाही, तेव्हा रद्द करण्याची मुदत साइटवर ठळक लिहा.

ग्राहक ‘पैसे गेले, ऑर्डर नाही’ म्हणून फोन करेल तेव्हा त्याला ठाम उत्तर देता यायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली पण व्यापाऱ्याला पक्की खबर पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. मात्र तुमच्या बाबतीत गेटवेकडे पेमेंट ‘कॅप्चर्ड’ आहे. ते आपोआप परत जाणार नाही. ते पैसे तुमच्याकडे आलेले आहेत, माल द्यायचा किंवा रिफंड करायचा. ग्राहकाला बँकेकडे पिटाळू नका.

वाशी_अँड्रॉइड

इन्स्टाग्रामच्या बायोमधल्या लिंकवरून येणारे ग्राहक बरेच असतील तर तेही तपासा. ती लिंक इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथून यूपीआय अ‍ॅप उघडेलच असं नाही. असा ब्राउझर ओळखून वर एक पट्टी दाखवा: ‘क्रोममध्ये उघडा’. पुढे अ‍ॅप काढून त्यात हीच साइट वेबव्ह्यूत (अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये) दाखवणार असाल तर यूपीआयने सुरू होणारे पत्ते वेबव्ह्यू स्वतः उघडत नाही. ते अडवून अँड्रॉइडच्या इंटेंटकडे (एका अ‍ॅपमधून दुसरं उघडायच्या सोयीकडे) द्यावे लागतात. शिवाय अँड्रॉइड ११पासून मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती देणाऱ्या फाइलीत) ‘क्वेरीज’ लिहिल्याशिवाय फोनवरची यूपीआय अ‍ॅप्स तुमच्या अ‍ॅपला दिसतच नाहीत.

नौपाडा_वेब

कोड ४१९च होता. अपवाद टाकला, पुढे ४०० आला, कारण वेबहूकच्या जागी एपीआयचं सीक्रेट भरलं होतं. आता २०० येतोय. क्रॉनही लावला. पण आधीच्या १७ ऑर्डरी अजून पेंडिंग आहेत आणि तेव्हा मी ‘रिसीट’मध्ये काहीच पाठवत नव्हतो. त्या कशा जुळवू?

घणसोली_बॅकएंड

गेटवेचा ऑर्डर आयडी तुमच्या टेबलात असेल तर क्रॉनचीच क्वेरी त्या १७ वर एकदा चालवा. नसेल तर त्या तारखांची पेमेंट्सची यादी डॅशबोर्डवरून उतरवा आणि मोबाइल नंबर, रक्कम, वेळ या तिन्हींवर जुळवा. एकाच नंबरावरून एकाच रकमेची दोन पेमेंट्स दिसली तर ती दोन ऑर्डरी समजू नका: पेंडिंग बघून ग्राहकाने पुन्हा भरलेले असण्याची शक्यता जास्त. त्यांना फोन करा, ‘पाकिटं एक हवीत की दोन’ विचारा, आणि एक असेल तर दुसऱ्या पेमेंटचा रिफंड त्याच पेमेंट आयडीवरून डॅशबोर्डवरून द्या. वेगळ्या यूपीआयने पैसे पाठवू नका, नाहीतर सेटलमेंट रिपोर्टमध्ये ते पेमेंट विक्री म्हणूनच राहील.