पुरस्काराचे सिनेमे, लाडके दिग्दर्शक आणि आपण: सांगली-साताऱ्याकडचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, ऑस्करला भारताकडून कुठला सिनेमा जाणार हे जाहीर झालं की आमच्या घरात दोन दिवस वाद चालतो. सुरुवात २००४ ला झाली, 'श्वास' गेला तेव्हा, डोळ्याचा कॅन्सर झालेल्या पोराचा आणि त्याच्या आजोबाचा सिनेमा. 'श्यामची आई'नंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी मराठी सिनेमा राष्ट्रीय पुरस्कारात देशात पहिला आला होता, आणि तिकडं प्रचाराला लागणारे पैसे निर्मात्यांकडं नव्हते म्हणून राज्यभर लोकांनी वर्गणी काढली. मी नववीत होते. आम्ही चार मुली विश्रामबागेत दारोदार फिरलो. एका आजींनी पिठाच्या डब्यातनं पन्नासची नोट काढून दिली, नोटेला ज्वारीचं पीठ लागलेलं, आणि विचारलं, "पोराचा डोळा वाचतो का गं?" मी सिनेमा बघितलेला, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. नामांकन मिळालं नाही तेव्हा मी रडले होते, आणि आजही माझं मत तेच आहे, अरुण नलावड्यांचा तो हॉस्पिटलात हरवलेला आजोबा कुठल्याही देशातल्या माणसाला कळला असता.

तुम्ही कुणासाठी असा जीव टाकलाय? मोकळेपणानं लिहा, शुद्धलेखनाची काळजी करू नका.

आटपाडीकर
आमच्या तालुक्याचं नाव बर्लिनला गेलंय हे लई जणांना माहीतच नाही. 'दो आँखें बारह हाथ' १९५७ चा, शांतारामबापूंचा, त्याला १९५८ ला बर्लिनच्या सिनेमा महोत्सवात सिल्व्हर बेअर हे बक्षीस मिळालं, इकडं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्याची कथा लिहिली गदिमांनी, म्हणजे आमच्या शेटफळ्याच्या माणसानं, आणि ती उभी राहिली स्वतंत्रपूरवर. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ ला आटपाडीजवळ कैद्यांची ही खुली वसाहत केली, त्यात मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनिअरचा मोठा हात होता. भिंत नाही, कैदी शेती करायचे, बायकापोरं सोबत. आमचे आजोबा बैल घेऊन तिकडं औताला गेलेले, ते सांगायचे की खून केलेला माणूस तांब्या भरून पाणी द्यायचा आणि आपण प्यायचो. पिक्चर बघताना त्यांनी पडद्याकडं बोट करून नावं घेतली होती, हा अमका, हा तमका. नट होते ते, पण आजोबांना ती माणसंच दिसत होती. मी शांतारामबापूंचा भक्त आहे तो त्या दिवसापासनं, बाकी कुणी त्यांना भडक म्हणो नाहीतर काही म्हणो.

तंबोरा (मिरज)
चैतन्य ताम्हाणे. माझ्यासाठी आत्ताचा सगळ्यात मोठा दिग्दर्शक. 'कोर्ट' २०१५ ला आला तेव्हा आमच्याकडं कुठं लागला नाही, सुवर्णकमळ मिळालेला सिनेमा असून, मग मी पुण्याला जाऊन बघितला आणि रात्रीच्या एसटीनं परत आलो. पुढं तो ऑस्करलाही पाठवला. पण मला बोलायचंय त्याच्या 'द डिसायपल'बद्दल, शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या शरदची गोष्ट. २०२० ला व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं त्याला. आम्ही पिढीजात तंबोरे करणारी माणसं, म्हणून मी आधी धास्ती घेऊनच बघायला बसलो, कारण सिनेमात तंबोरा म्हटला की कुणीतरी नुसत्या तारा खाजवत बसलेलं असतं. इथं तसं नाही. आदित्य मोडक स्वतः गाणारा, गुरुजी झालेले अरुण द्रविड जयपूर घराण्याचे. मी मोबाईल तंबोऱ्याच्या घोडीशेजारी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) ठेवला, हेडफोन लावले, आणि तंबोरा सुरू झाल्यावर पहिलं काय केलं तर डोळे मिटले. जवारी, म्हणजे तारेचा घुमणारा नाद, बरोबर लागली की तारेखाली दोरा सरकवताना एका जागी आवाज एकदम उघडतो, मधमाश्या उठल्यासारखा. तो उघडलेला आवाज त्या सिनेमात आहे. आणि तो शरद, एवढी वर्षं घासूनही गळ्यात ती गोष्ट उतरत नाही, अशी पोरं आमच्या दुकानात दरवर्षी येतात, तंबोरा घेतात, काही वर्षांनी विकायला आणतात. वडिलांनी अर्ध्यात बघणं सोडलं, म्हणाले बघवत नाही. आमच्याच धंद्यातलं दुःख दाखवलं त्यानं, याच्यापुढं बक्षीस काय.

गलाईवाल्याची लेक (विटा)
माझं लहानपण तमिळनाडूत गेलं. आमच्याकडची निम्मी घरं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलीत, तसे अप्पापण. त्यामुळं फॅन म्हणजे काय ते मी तिकडं बघितलं. १९९९ ला 'पडयप्पा' लागला तेव्हा पहाटे चारला अप्पांनी मला खांद्यावर घेतलं, थेटरासमोर रजनीकांतचा तीन मजली कटआउट, वर चढून पोरं दुधाच्या पिशव्या ओततायत, ढोल वाजतोय, खाली कापूर जळतोय, आणि दुधाचे थेंब माझ्या फ्रॉकवर पडलेले. लोक त्याला वेडेपणा म्हणतात. पण तीच पोरं, मन्रमची (म्हणजे फॅन क्लबची), पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीत रक्तदान शिबिर लावून बसली होती, आणि अप्पा आजारी पडले तेव्हा भाषा नीट येत नसलेल्या आईला दवाखान्यात रात्रभर सोबत केली ती याच पोरांनी. तो शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातला, एवढ्यावरनं ती आम्हाला 'तलैवरची माणसं', म्हणजे त्यांच्या नेत्याची माणसं, म्हणायची! २०२१ ला त्याला फाळके पुरस्कार दिला तेव्हा त्यानं तो त्याचे गुरू बालचंदर, भाऊ आणि बसचा ड्रायव्हर असलेला मित्र यांना अर्पण केला. मी ते विट्यात टीव्हीवर बघितलं. अप्पा नव्हते तेव्हा. मी देव्हाऱ्यापुढं साखर ठेवली.

आणि 'आरआरआर'मधल्या 'नाटू नाटू' गाण्याला २०२३ ला ऑस्कर मिळालं त्याचंपण सांगते, भारतानं पाठवलेला सिनेमा तो नव्हताच, गुजराती 'छेल्लो शो' होता. राजामौळींची माणसं स्वतः तिकडं जाऊन झटली. ज्याला स्वतःच्या कामावर एवढा विश्वास आहे त्याला मी मानते.

सिस्टर (मिरज)
वरचं वाचून लिहावंसं वाटलं. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', २०२४ ला फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला ग्राँ प्री हे बक्षीस मिळालं. ऑस्करला आपल्याकडनं 'लापता लेडीज' पाठवला, तो मलाही आवडला, पण हा पाठवायला हवा होता, यावर मी ठाम आहे. माझ्यासोबत ड्युटीला केरळची मुलगी आहे. हॉस्टेलवर एका मोबाईलवर दोघींनी मिळून बघितला. त्यात मुंबईत काम करणाऱ्या केरळच्या नर्सला नवऱ्याकडनं, जर्मनीहून, लाल राइस कुकर येतो, चिठ्ठी नाही काही नाही, आणि रात्री ती जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. तिथं माझी मैत्रीण उठून बाहेर गेली. तिचा नवरा कुवेतला आहे. परत आली तर तोंड धुतलेलं होतं, मला म्हणाली, मागं घे, ते परत बघू.

वाईचा (मेणवली)
आमच्या घाटावर 'स्वदेस'चं शूटिंग झालं तेव्हा मी सहा वर्षांचा. आशुतोष गोवारीकरांना 'लगान'चं नामांकन मिळून थोडाच काळ झालेला, गावात सगळे त्यांना ऑस्करवाले साहेब म्हणायचे. २००४ च्या डिसेंबरात लागला आणि फारसा चालला नाही, आम्हाला फार लागलं ते, जणू आमचंच गाव नापास झालं. आता लोक त्याला डोक्यावर घेतात तेव्हा बरं वाटतं. आई गर्दीत उभी होती, पूर्ण दिवस, उन्हात. टीव्हीवर लागला की आम्ही घाट यायची वाट बघतो, आणि आई दरवेळी स्क्रीनला बोट लावून दाखवते, हा हिरवा पदर दिसतो ना, हा माझा.