विषय: नोंदणीची यादी कोरी दिसतेय

प्रेषक: सांस्कृतिक समिती
मंडळी, नमस्कार.
गणपतीच्या महाप्रसादाची नोंदणी-यादी काल रात्रीपासून कोरी आहे. क्रोमच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ जेसन इनपुट' असं काहीतरी दिसतं. पैसे मिळाल्याच्या ईमेल मात्र लोकांना जाताहेत. केटररला उद्या आकडा द्यायचाय, वेबसाइटवाल्यांनी जरा बघावं.

प्रेषक: वेबसाइट समिती
काकू, नोंदी शाबूत आहेत. डेटाबेसमधून मोजून आकडा तुम्हाला वेगळा पाठवलाय.

सर्व्हर २०० म्हणतो, म्हणजे 'सगळं ठीक', पण उत्तरात एक अक्षर नाही. कारण निघालं 'भालचंद्र' हे नाव! बिल्ल्यावर मावावं म्हणून जुन्या पीएचपी कोडमध्ये नाव 'सबस्ट्र'ने २० वर कापलंय. हे २० म्हणजे अक्षरं नव्हेत, बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीची छोटी मापं. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. काना, अनुस्वार, हलन्त धरून भालचंद्र भरतो २४. कात्री बरोबर हलन्तात चालते, त्याचे दोनच बाइट मागे उरतात. असला तुटका तुकडा एका जरी नावात असला तरी यादी जेसन या पाठवायच्या साच्यात बसवणारा 'जेसन_एन्कोड' अख्खी यादी नाकारून 'फॉल्स' (म्हणजे 'जमलं नाही') देतो, आणि 'फॉल्स' एको केलं की काहीच छापलं जात नाही. आजवर लोक नावं इंग्रजीत भरायचे म्हणून निभावलं. यंदा 'नाव मराठीतच लिहा' हा आग्रह आपलाच.

प्रेषक: युवा गट
दादा, तोवर मी पानावर ट्राय-कॅच, म्हणजे चूक पकडणारा कोड, घालू का? पार्स नाही झालं, म्हणजे आलेलं उत्तर उलगडता नाही आलं, तर रिकामी यादी दाखवायची.

प्रेषक: वेबसाइट समिती
ट्राय-कॅच घाल, रिकामी यादी नको रे. नाव दिसलं नाही की लोक परत पैसे भरतील. 'यादी आत्ता दाखवता येत नाही, तुमची नोंदणी झालेली आहे' असं सरळ लिही. आणि सर्व्हरकडून यादी आणणारा 'फेच' ५००, म्हणजे सर्व्हरची चूक, आला तरी प्रॉमिस रिजेक्ट करत नाही, म्हणजे ती चूक ट्राय-कॅचला कळत नाही. आधी 'रिस्पॉन्स.ओके' बघ, मगच पार्स कर. नाहीतर एचटीएमएलचं एरर पेज पार्सरच्या गळ्यात पडतं.

सर्व्हरवर मी 'ग्राफीम_सबस्ट्र' घालतोय, ते काना-वेलांटीसकट पूर्ण अक्षर धरून कापतं. एकेक चिन्ह मोजणाऱ्या 'एमबी_सबस्ट्र'नेही बाइट तुटत नाहीत, पण वेलांटी गळू शकते, वैशालीची वैशाल व्हायची. सोबत 'जेसन_थ्रो_ऑन_एरर', म्हणजे गुपचूप 'फॉल्स' न देता चूक उघड होईल; ते पीएचपी ७.३ पासून आहे. खराब बाइटच्या जागी प्रश्नचिन्ह भरायचीही सोय आहे, पण ते बिल्ल्यावर छापणार कोण?

प्रेषक: सांस्कृतिक समिती
आकडा मिळाला. बिल्ल्यांसाठी नावं परत मागवायची का?

प्रेषक: वेबसाइट समिती
नको काकू. डेटाबेसमध्ये नावं पूर्ण आहेत, कापाकापी फक्त यादी पाठवताना होते.