काजू सोलणीचा किलोचा दर आणि किमान वेतन: हिशेब कोणी मांडून सांगेल का?

वहीवाली_वेंगुर्ला
मी वेंगुर्ल्याजवळच्या एका काजू कारखान्यात सोलणीला होते, आता हजेरीची आणि वजनाची वही माझ्याकडे आहे. आमच्याकडे रोज नाही, किलोवर पैसे. अख्खा गर निघाला तर एक दर, पाकळी झाली (गर उभा दुभंगला) की कमी, तुकड्याला त्याहून कमी. माल कडक वाळलेला असेल तर साल नुसत्या अंगठ्याने सुटते, बाई संध्याकाळपर्यंत दहा किलोच्या आसपास जाते. पावसात गर ओल धरतो, साल चिकटून बसते, सुरीने खरवडावी लागते, पाकळ्या वाढतात. मग सहा किलो झाले तरी पुष्कळ. तेवढेच तास बसायचं आणि कमी पैसे घेऊन घरी जायचं. यात बाईचा काय दोष?

किलोचा दर कित्येक दिवाळ्या तोच आहे. डाळ, तेल, सिलिंडर, पोरांची रिक्षा, सगळं वाढलं.

मी थोडं वाचलं. देशपातळीवरचा तळाचा रोज, म्हणजे याखाली कुणी जाऊ नये म्हणून केंद्र सांगतं तो आकडा, 1996 साली 35 रुपये होता, जून 2017 पासून 176. केंद्रानेच नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने 2019 मध्ये 2400 कॅलरी, प्रथिनं, कपडालत्ता, घरभाडं धरून दिवसाला 375 रुपये काढले. त्याच वर्षी तळाचा रोज वाढला तो दोन रुपयांनी, 178. तज्ज्ञांकडून हिशेब करून घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा, याचा मला राग येतो.

किलोवाल्या बाईला किमान वेतन लागू होतं का? आणि ते वेळच्या वेळी वाढेल याची सोय कायद्यात कुठे आहे?

निवृत्त_कामगारखातं (रत्नागिरी)
लागू होतं, ताई. सरकारने दिवसाचा दर ठरवला असेल आणि नगाचा किंवा किलोचा ठरवला नसेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही दिवसाच्या दरापेक्षा कमी देता येत नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात हे कलम 17 होतं, त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यात, वेतन संहितेतही आहे. पूर्ण दिवस बसून बाईचे सहाच किलो झाले, तर खाली पडलेली रक्कम मालकाने भरून द्यायची. जुना कायदा अनुसूचीत नाव असलेल्या उद्योगांपुरताच होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता लागू झाली, तिच्यात ही अट नाही.

वाढीचं म्हणाल तर दोन भाग आहेत. मूळ दराचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांनी व्हायला हवा. महाराष्ट्रात त्यावर विशेष भत्ता असतो, तो ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे (महागाई मोजणारा आकडा) जानेवारी आणि जुलैत बदलतो. खरी गळती मूळ दरात होते, कारण त्याचा फेरविचार लांबला तर मधली तूट भरून देणारा कोणी नसतो. तळाच्या रोजाला तर कायद्याचा आधारच नव्हता, राज्यं तो पाळायला बांधील नव्हती. संहितेत तो आला: केंद्राने तळ ठरवायचा, राज्याने त्याखाली जायचं नाही, आणि राज्याचा दर आधीच वर असेल तर तो उतरवायचाही नाही.

काजूवाला_सावंतवाडी
ताई, तुमचा म्हणणा खरा आसा. पण मालकाचा गणितय बघा. मी बी सीझनला घेतो, गर विकतो पुढे दिवाळीपर्यंत. भत्ता सहा महिन्यांनी येणार हे माहीत असतं, म्हणून बी घेतानाच तो धरतो. मूळ दर मात्र वर्षानुवर्षं थांबून एकदम चढला की त्या वर्षीचा सगळा हिशेब कोलमडतो. दरवर्षी ठरल्या तारखेला थोडा वाढवा, मी आनंदाने देईन. मी सोलणीला दिवसाचा रोज धरतो आणि ठरावीक वजनाच्या वर गेलं की किलोमागे जादा. पण शेजारचा कारखानदार गर सोलायला घरोघर वाटतो, तिथे हजेरी नाही, तास नाहीत. त्याच्याशी मी भावात कसा टिकणार?

अर्थशास्त्र_मालवण
दक्षिण आफ्रिकेने 1 जानेवारी 2019 पासून देशभर ताशी 20 रँड हा एकच तळ लावला. शेतमजुराला सुरुवातीला त्याच्या 90 टक्के, घरकामगाराला 75 टक्के. तिथला किमान वेतन आयोग दरवर्षी आढावा घेतो. 2021 मध्ये शेतमजूर पूर्ण दरावर आले, 2022 मध्ये घरकामगार. 2025 मध्ये आकडा 28.79 होता. बेकारी तिथे आपल्यापेक्षा भयंकर आहे, तरीही त्यांनी वर्षाचा नेम मोडला नाही. आपल्याला हाच नेम हवा. पाच वर्षांची मुदत फार लांब आहे.

वहीवाली_वेंगुर्ला
सर्वांचे आभार. अजून एक बोलते. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा जो हिशेब घालून दिला, त्यात एका कमावत्यामागे तीन माणसांचं खाणं धरलं आणि बायकांची कमाई मोजायची नाही असं ठरलं. हेतू चांगला होता, एकाच्या पगारात घर चालावं. पण आमच्या शेडमध्ये ती एक कमावती बाईच आहे. कुणाचा नवरा गेला, कुणाचा मुंबईहून पैसे पाठवत नाही. तिचे पैसे म्हणजे वरखर्च असं समजून किलोचा दर लावतात, ते थांबलं पाहिजे.

या महिन्यापासून वहीत तासांचा रकाना घालते आहे. पावसाळ्यातलं सरासरी वजन काढून रोजाला त्याने भागायचं, म्हणजे किलोचा दर किती हवा ते मालकासमोर ठेवता येईल.

काका, घरी सोलणाऱ्या बायांकडे हजेरी नसते, त्यांनी काय दाखवायचं?

निवृत्त_कामगारखातं (रत्नागिरी)
गर देताना आणि परत घेताना वजनाची चिठ्ठी लिहितात ना? ती फेकू नका म्हणावं. तारीख आणि वजन असलेल्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवा, चिठ्ठी देत नसतील तर स्वतःच्या वहीत लिहून गर देणाऱ्याची आणि सोलणारीची सही घ्या. तेवढं घेऊन या, अर्ज मी लिहून देतो.