मदत हवी आहे : खर्रा खाणारे तपासणीला येतच नाहीत

नमस्कार मंडळी. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, धानपट्ट्यात. एका दवाखान्याची टीम गावात येऊन तोंडाच्या कॅन्सरची माहिती द्यायला अन् फुकट तपासणी करायला तयार आहे. मागच्या वेळीही आली होती. शाळेत मांडव टाकला, दवंडी दिली. आल्या कोण? बचत गटाच्या बाया अन् चार म्हातारे. ज्यांच्यासाठी सारा खटाटोप, ते पानठेल्यावर पन्नीत खर्रा घोटत बसले होते! महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे म्हणतात. पण सुपारी, तंबाखू, चुना घासून खर्रा हातोहात तयार होतो.

डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील तर तपासून घ्या, सुपारीनं आतली कातडी आखडत जाते. पांढरा-लाल चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असली तरी दाखवा. आमच्या चुलतभावाची दोनच बोटं गेली. हसला अन् खर्रा काढला.

आता विचारायचं असं : शिबिर सायंकाळी पानठेल्यापाशीच लावावं का? की पोळ्याला, तोरणाखाली सारा गाव जमतो तेव्हा? सणाला कॅन्सरचं नाव काढलं तर म्हातारे चिडतील, ही धास्ती आहे. खर्रा सोडलेला कोणी बोलायला आणावा का? कोणाच्या गावात माणसं खरोखर आली असतील तर कसं जमवलं, तेवढं सांगा. रोवणी आटोपली की तारीख कळवायची आहे.