सेमिस्टरच्या सुट्टीतलं वाचन: हळदीचं पेव, हीट इक्वेशन आणि कुठे अडलंय ते

कृष्णाकाठची (प्रश्न)

नमस्कार. एस.वाय. बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला, विषय फिजिक्स आणि मॅथ्स. टी.वाय. सुरू व्हायला अजून सहा-सात आठवडे आहेत. घर सांगलीजवळ, हरिपूरच्या वाटेवर. सकाळ घरकामात जाते, संध्याकाळी दोन शिकवण्या घेते. दुपारी १ ते ४ घर झोपलेलं असतं, ते तीन तास माझे. त्यांच्याबद्दलच विचारायचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत लायब्ररीतून लिनिअर अल्जेब्राचं पुस्तक आणलं आणि रोज दहा पानं धरून १४० पानं वाचली. नोट्स काढल्या, महत्त्वाच्या ओळी लाल पेननं अधोरेखित केल्या. जानेवारीत मैत्रिणीनं विचारलं, "आयगेनव्हेक्टर म्हणजे काय गं?" व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. "बरं, पण तो असतो कशाला?" यावर मला एक वाक्य बोलता आलं नाही. ते अजून मनाला लागून आहे. १४० पानं डोळ्यांखालून गेली, आत काही मुरलं नाही.

म्हणून या सुट्टीत उलटीकडून सुरुवात केली, एका प्रश्नापासून. माझे आजोबा मार्केट यार्डात हळदीचे हमाल होते. हरिपूरची पेवं इथल्या लोकांना माहीत असतील: जमिनीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लोटायची. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच निकामी झाली. आजोबा सांगतात, पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आधी कंदील खाली सोडायचा, तो विझला तर थांबायचं. आणि त्यांचं आणखी एक म्हणणं आहे: "थंडीत पेवात ऊब असायची, उन्हाळ्यात गारवा." मी विचारलं, नुसतं तसं वाटायचं की खरंच? ते म्हणाले, "ते तू शिकतीस ना, तूच सांग."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. वर ऊन-थंडीचा वर्षाचा फेरा चालतो, तो खाली २३ फुटांवर कसा पोचत असेल? हे हीट इक्वेशन आहे, म्हणजे उष्णता वस्तूतून कशी पसरते ते सांगणारं समीकरण, एवढं कळतं. आमच्या पुस्तकात सळई आहे, दोन्ही टोकं शून्य अंशावर, आणि सेपरेशन ऑफ व्हेरिएबल्स. वेळेचा भाग आणि खोलीचा भाग वेगळा केला, दोन्हींबरोबर एक स्थिरांक आला, तो पुस्तकाप्रमाणे ऋण घेतला. उत्तर येतं की वेळ जाईल तशी उष्णता विझत जाते. पण माझ्या जमिनीत काही विझत नाही, दरवर्षी नवा उन्हाळा येतो. आणि जमिनीला दुसरं टोकही नाही. चार दुपारी यात गेल्या.

दोन गोष्टी विचारते. एक, हे असं पुस्तक सोडून एका प्रश्नामागे लागणं म्हणजे अभ्यास आहे का, की टी.वाय.च्या तयारीचा वेळ वाया चाललाय? दोन, स्थिरांकापाशी माझं नक्की काय चुकतंय?

---

घाटावरचा एमएस्सी

हा अभ्यासच आहे, आणि चांगल्यातला आहे. मी गणितात एम.एस्सी. करतोय, पुण्यात. बी.एस्सी.च्या दोन सुट्ट्या मी तुझ्यासारख्याच पानं मोजत घालवल्या, आज त्यातलं सांगण्यासारखं काही आठवत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर देत नाही, कारण ते तुझं तुलाच मिळायला हवं. एवढंच सांगतो: तो स्थिरांक ऋण असलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? धन घेतलास तर वेळेबरोबर फुगत जातो, ऋण घेतलास तर विझतो. तुला ना फुगणारा हवा, ना विझणारा. कायम फेऱ्या मारणारा हवा. फेऱ्या मारणारी संख्या तू अकरावीतच शिकली आहेस.

ती घातलीस की खोलीच्या भागात एक वर्गमूळ काढावं लागेल. ते काढताना घाई करू नकोस. गंमत सगळी तिथेच आहे.

व्हिडिओ लागले तर एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची पार्शल डिफरन्शिअल इक्वेशन्सवरची (हीट इक्वेशन त्यातलंच एक) व्याख्यानं फुकट आहेत. पण आधी दोन दुपारी स्वतः झटापट कर, मगच बघ. आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी एमटीटीएस या गणिताच्या उन्हाळी शिबिराची जाहिरात वेळेवर बघून ठेव. १९९३ पासून चालू आहे, चार आठवडे, आणि तिथे तयार उत्तर हातात देत नाहीत, फळ्यापाशी उभं करून तुलाच बोलायला लावतात. तुझा आत्ताचा प्रश्न ज्या जातीचा आहे, त्याच जातीची ती जागा आहे.

---

निवृत्त मास्तर, कराड

बाळ, वरच्या मुलाचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. ३१ वर्षं ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवलं, त्या भरवशावर बोलतो.

प्रश्नामागे लागणारी मुलं मी बरीच पाहिली. ती हुशार असतात, आणि हात कच्चा राहिल्यामुळे मधेच थांबतात. तू सळईची गणितं किती सोडवलीस? एक सोडवून पेवाकडे वळली असशील तर परत जा आणि दहा सोडव. टोकं शून्यावर, टोकं बंद, एक टोक गरम, सगळी. स्थिरांकाची निवड टोकांच्या अटींवरून होते ही गोष्ट वाचून कळत नाही, दहावं गणित सोडवताना कळते. तीन तासांतला पहिला तास या हातकामाला दे, उरलेले दोन पेवाला.

दुसरं. गणित मांडण्याआधी एककं बघ. मातीची उष्णता पसरवण्याची क्षमता, म्हणजे डिफ्युजिव्हिटी, मीटर वर्ग प्रति सेकंदात मोजतात. तुला काढायची आहे खोली, मीटरमध्ये. हाताशी दुसरं आहे काय? फेऱ्याचा काळ, सेकंदात. दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घेतल्याशिवाय मीटर येणारच नाहीत. म्हणजे समीकरण न सोडवता एवढं कळलं की खोली काळाच्या वर्गमूळाप्रमाणे वाढते. दिवसाचा फेरा आणि वर्षाचा फेरा यांत ३६५ पट अंतर आहे. ३६५ चं वर्गमूळ १९ च्या थोडं वर. दिवसाचं ऊन जितकं खाली जातं, त्याच्या १९ पट खाली वर्षाचं ऊन जातं. आता दिवसाचं ऊन किती खाली जातं ते अंगणात मोजता येईल की नाही?

वायरचा प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. दोन घे.

---

मातीतली ताई

मी मृदाशास्त्रात काम करते, हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. कृषी हवामान वेधशाळांत जमिनीचं तापमान ५, १० आणि २० सेंटीमीटरवर रोज नोंदतात. तू १० आणि २० घे. भोक वरून पाडू नकोस. शेजारी छोटा खड्डा खण आणि त्याच्या उभ्या भिंतीत प्रोब आडवा खुपस, मग खड्डा बुजव. वरून भोक पाडलंस तर गरम हवा त्यातूनच आत जाते आणि तू मातीऐवजी भोक मोजत बसतेस. जागा दिवसभर उन्हातली हवी. दुपारनंतर भिंतीची सावली येत असेल तर ती नको.

तुझ्या पेवाला एक जुना भाऊ आहे. स्कॉटलंडमध्ये, एडिंबरात, भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्ज यांनी १८३७ साली तीन ठिकाणी जमिनीत लांबलचक थर्मामीटर पुरले, ३, ६, १२ आणि २४ फ्रेंच फुटांवर. २४ फ्रेंच फूट म्हणजे जवळजवळ ७.८ मीटर, तुझ्या आजोबांच्या पेवाच्या तळाला लागूनच. तिथे वर्षातला सर्वांत उबदार काळ ऐन हिवाळ्यात येत होता. पुढे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी त्याच नोंदींवरून तिथल्या खडकाची डिफ्युजिव्हिटी काढली. त्यांतली कॅल्टन हिलवरची जागा आपल्याकडच्यासारख्याच ज्वालामुखीच्या काळ्या खडकाची आहे, हे मला कायम जवळचं वाटत आलंय.

आजोबांना सांग, त्यांचं म्हणणं मोजलं गेलेलं आहे. फक्त तो फरक अंगाला कळण्याइतका होता का, हे तुला काढायचंय.

---

कृष्णाकाठची

सर, ताई, दादा, तिघांनाही उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. आधी सळई केली, दहा नाही, चौदा गणितं. सर, तुमचं खरं होतं. सातव्या गणितापाशी पहिल्यांदा दिसलं की स्थिरांक मी निवडत नाही, टोकं निवडतात.

मग दादांनी सुचवलेली फेऱ्या मारणारी संख्या, म्हणजे आय (उणे एकचं वर्गमूळ), घालून काल्पनिक स्थिरांक घेतला. वेळेचा भाग फिरत राहिला, विझला नाही. खोलीच्या भागात आयचं वर्गमूळ काढायची वेळ आली. अकरावीत ते काढलं होतं, मार्कांसाठी. एक अधिक आय, भागिले वर्गमूळ दोन. ते घातांकात ठेवलं आणि वहीकडे बघतच बसले. 'एक'मुळे लाट खाली जाताना लहान होते. 'आय'मुळे ती उशिरा पोचते. दोन्ही भाग सारखेच, म्हणून जितकी लहान होते त्याच मापानं तिला उशीर होतो. या दोन वेगळ्या गोष्टी असतील असं मी धरून चालले होते, त्या एकाच संख्येचे दोन भाग निघाले.

आणि तिथेच जानेवारीतला प्रश्न सुटला. साइनचं विकलन केलं की कोसाइन होतो, रूप बदलतं. पण हा फिरणारा घातांक विकलनानंतर तोच राहतो, फक्त एका संख्येनं गुणला जातो. आयगेनव्हेक्टर म्हणजे हेच ना? ज्याच्यावर क्रिया केली तरी जो आपली दिशा सोडत नाही, आणि म्हणून अवघड समीकरण नुसत्या गुणाकारावर येतं. मैत्रिणीला त्याच रात्री फोन केला. पाऊण तास बोलत होते, आणि या वेळी व्याख्या म्हणावी लागली नाही.

आता मोजमाप. आजोबांनीच खड्डा खणून दिला, वय ७८, मला कुदळ हातात घेऊ दिली नाही. पहाटे ५ पासून रात्री १२ पर्यंत दर अर्ध्या तासाला नोंद, रात्री भावानं सांभाळलं. एका निरभ्र दिवसाचे आकडे:

१० सेंटीमीटरवर कमीत कमी ३१.५, जास्तीत जास्त ३८.९ अंश. फरक ७.४.
२० सेंटीमीटरवर ३३.८ आणि ३६.४. फरक २.६.

७.४ ला २.६ नं भागून नैसर्गिक लॉग घेतला, १.०५ आला. म्हणजे दर साडेनऊ सेंटीमीटरला चढउतार ३७ टक्क्यांवर येतो. उशिरावरून ताडून पाहिलं: वरचा प्रोब संध्याकाळी ६ ला शिखरावर, खालचा साडेनऊला. साडेतीन तासांवरून हेच माप ११ सेंटीमीटर येतं. दोन्ही जुळायला हवी होती, पुरती जुळली नाहीत. ऊन काही शुद्ध साइन नसतं आणि शिखर सपाट असल्यामुळे त्याची वेळ अर्धा तास इकडे-तिकडे होते, हे माझ्या मते कारण. चुकत असेन तर सांगा.

मधलं १० धरलं. १९ नं गुणलं, वर्षाच्या फेऱ्यासाठी १.९ मीटर. पेव ७ मीटर, म्हणजे अशी ३.७ मापं. चढउतार उरतो अडीच टक्के आणि उशीर सात महिन्यांचा. एप्रिल-मेचा उन्हाळा पेवाच्या तळाशी नोव्हेंबर-डिसेंबरात पोचतो. इथलं महिन्याचं सरासरी तापमान हिवाळा-उन्हाळ्यात ८ अंशांनी हलतं असं धरलं, तर तळाशी हलतं ०.२ अंश.

आजोबांना सांगितलं: पेव थंडीत खरंच उबदार, पण पाव अंशानंही नाही. तुम्हाला लागायची ती ऊब वरच्या गारठ्यामुळे लागायची. खाली बारा महिने जवळपास एकच तापमान होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणूनच हळद टिकायची."

---

निवृत्त मास्तर, कराड

पोरी, वहीचं ते पान जपून ठेव. चूक शोधायची असेल तर एक करून बघ: शिखराची वेळ घेण्याऐवजी दोन्ही आलेख सरासरी रेषेला छेदतात ती वेळ घे. तिथे आलेख उभा असतो, वेळ नेमकी मिळते.

---

मातीतली ताई

सरांनी सांगितलेलं कर. आणि लक्षात ठेव, तू मोजलीस ती मे महिन्यातली कोरडी, भेगाळलेली वरची माती. खाली ओल आहे आणि ओल्या मातीत उष्णता सहसा लवकर पसरते. १.९ मीटर हे कमीच धरलेलं माप आहे. ते २.३ असतं तर उशीर सहा महिन्यांच्या आत येतो आणि चढउतार जवळपास ५ टक्के. तरी आजोबांना दिलेलं उत्तर फारसं हलत नाही.

---

कृष्णाकाठची

सर, छेदाच्या वेळा घेतल्या. आता उशीर चार तासांच्या जवळ आला आणि माप साडेनऊच्या वर थोडंसं. जुळलं!

ताई, ओल्या मातीचं तुम्ही म्हणालात आणि काल संध्याकाळी वळीव झाला. अर्ध्या तासात २० सेंटीमीटरचा प्रोब तीन अंशांनी खाली आला. माझ्या समीकरणानं इतक्या लवकर काहीच खाली पोचायला नको. म्हणजे पाणी मुरताना तापमान आपल्याबरोबर घेऊन गेलं. समीकरणात हे वाहून नेणारं पद कसं घालायचं? खोलीचं पहिलं विकलज गुणिले पाण्याचा वेग, असं मांडून पाहिलंय. कॉलेज उघडायला अजून अठरा दिवस आहेत.