मदत हवी आहे: बेकरीच्या कमर्शियल पाइप गॅसचा दर कशावर हलतो?

माझगावात पावाची बेकरी आहे. हायकोर्टाच्या २०२५ च्या आदेशामुळे लाकडाची भट्टी काढून पीएनजी (पाइपने येणारा नैसर्गिक गॅस) घ्यायचाय. जागा, परवाने यांचा प्रश्न नाही. अडलंय ते दरावर.

२०२३ पासून ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा दर कच्च्या तेलाच्या १० टक्के, वर कमाल मर्यादा. पण तो गॅस आधी घरगुती पीएनजी आणि सीएनजीला. म्हणजे आमच्या वाट्याला बहुधा आयात एलएनजीच (द्रवरूप करून जहाजाने आणलेला गॅस)! गॅस कंपनीत विचारलं, तर 'दर बदलता असतो' एवढंच उत्तर. सिलिंडरशी एका महिन्याची तुलना केली, त्यावरून काय कळणार? गॅस एक्स्चेंजवर, म्हणजे गॅसच्या घाऊक बाजारात, जाण्याइतका आमचा खप नाही.

कमर्शियल पीएनजीवर आलेल्या कुणी सांगाल का: तुमच्या करारात दर कच्च्या तेलाशी बांधलाय, एलएनजीशी की कंपनीच्या मर्जीवर? आणि मुंबईत छोट्या ग्राहकाला दुसरा पुरवठादार निवडता येतो का?